कोलंबस, इंडियाना : बसमधून गाव बघण्याची सहल

कोथरूडला कमिन्सच्या डिझेल इंजिन असेंब्लीत माझी एकतीस वर्षं गेली. कंपनीचं मूळ गाव अमेरिकेतलं कोलंबस. त्यामुळे मुलाकडे इथे आलो तेव्हा मला कारखाना बघायचा होता. सूनबाईंनी काढून ठेवलं होतं व्हिजिटर सेंटरच्या बसचं तिकीट. "बाबा, चर्च आणि शाळा दाखवतात." शाळा काय बघायच्या, म्हणत चढलो.

गाव जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. गाइड सत्तरीच्या बाई, बोलणं सावकाश, मला नव्वद टक्के कळलं. विल्यम आयर्विन नावाच्या बँकरच्या गाडीवर (सांगलीच्या पुलाचा आयर्विन वेगळा!) क्लेसी कमिन्स ड्रायव्हर होता. त्याच्या डोक्यात डिझेल इंजिन. १९१९ला मालकाच्या पैशावर कंपनी निघाली, नफा दिसायला १९३७ उजाडलं. अठरा वर्षं मालकानं दम धरला, हे ऐकून मी सरसावून बसलो.

पुढे आयर्विनचा नातू लागणारा जे. आयर्विन मिलर कंपनीत आला. गावात नव्या शाळा हव्या होत्या. तो म्हणाला, आर्किटेक्टची फी आमचं फाउंडेशन भरेल, फक्त आर्किटेक्ट आमच्या यादीतून निवडा. १९५७ला हॅरी वीज या आर्किटेक्टची पहिली शाळा झाली आणि मग गावाला नामवंत आर्किटेक्टांची चटकच लागली. आगीच्या बंबाचं ठाणंसुद्धा रॉबर्ट व्हेंच्युरीचं! आय. एम. पेईच्या लायब्ररीपुढे शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची कमान आहे, तिच्याखालून मी आणि बायको चालत गेलो. समोर एलिएल सारिनेनचं १९४२चं चर्च. एलिएलच्या मुलाचं, म्हणजे एरोचं, १९२ फुटी सुळक्याचं चर्च १९६४ला पुरं झालं. ते बघायला तो राहिला नव्हता.

माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स इथलेच. मला मात्र चक टेलर जास्त भावला. कॉन्व्हर्सच्या बुटांवर ज्याचं नाव असतं, तो इथल्या हायस्कुलात बास्केटबॉल खेळायचा.

मिलरचं घर आमचं बघायचं राहिलं. त्याचं तिकीट वेगळं, आधी काढावं लागतं. चूक आमचीच.

बसनंतर मुलानं कमिन्सच्या हेड ऑफिसच्या लॉबीत नेलं. तिथे एक इंजिन सुटं करून अधांतरी टांगलंय. क्रँकशाफ्ट, पिस्टन, व्हॉल्व्ह, नट-बोल्टसुद्धा आपापल्या जागेपासून थोडे लांब, जणू आत्ता कुणी "जुळवा" म्हणेल. मी खालून एकेक भाग म्हणत गेलो. हिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं मी दिवसभर काय करायचो ते. अर्धा तास मान वर करून होतो, रात्री बाम चोळावा लागला.

शेवटी झाहराकोस, १९०० सालचं आइस्क्रीमचं दुकान. तिथे १९०८चा ऑर्केस्ट्रियन आहे, आपोआप वाजणारा, कपाटाएवढा बाजा. तो सुरू झाला तशी ही चमचा हातात धरून ऐकत बसली. मी उठलो, भाता कुठून चालतो ते बघायला.