डीएल की एमपी-07? ग्वाल्हेरात जुनी गाडी घेताना

ग्वाल्हेरात जुनी गाडी शोधायला लागलात की कुणीतरी सांगतंच, "दिल्लीहून आणा, स्वस्त पडते." खोटं नाही ते. सव्वातीनशे किलोमीटरवर एवढा मोठा बाजार, त्यात तिथे डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा. डिझेलचा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश 2015 चा, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. पुढे नियमांत मागेपुढे होत राहिलं, पण वय होत आलेल्या गाडीचा भाव तिथे पडतोच.

मागच्या खेपेला मी आणि माझे साडू एकदमच गाडी शोधत होतो. मॉडेल एकच, पेट्रोल. त्यांनी डीएल, म्हणजे दिल्लीच्या नंबरची घेतली, मी एमपी-07, म्हणजे ग्वाल्हेरच्या नंबरची. साठ-सत्तर हजारांचा फरक होता, तोही त्यांच्या फायद्याचा.

नुसती गाडी बघाल तर त्यांची उजवी, हे कबूल. कंपनीच्या वर्कशॉपमधली सगळी सर्व्हिसिंग, आतून स्वच्छ. क्लच तेवढा संपत आलेला, ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीचं ते ठरलेलंच. माझीचा रंग उन्हाने उडालेला, दारांची रबरं कडक, एसी दुपारी दोनला लावून बघितला तेव्हा कुठे खात्री पटली. आपल्याकडच्या गाडीचा एसी सकाळी तपासण्यात काही अर्थ नाही. दिल्लीच्या गाडीत मात्र पाणी शिरलं होतं का ते बघा. जुलै 2023 मध्ये यमुना तिथे वस्तीत आली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी मातकट डाग किंवा कुबट वास असला तर पुढे बोलूच नका. स्टेपनीखालची जागाही हाताने चाचपा, धुऊन पुसलेल्या गाडीत गाळ तिथेच उरतो.

आणि एमपी-07 म्हणजे ग्वाल्हेरातच चाललेली, असंही समजू नका. इथल्या व्यापार मेळ्यात नव्या गाडीच्या रोड टॅक्सला निम्मी सूट मिळते म्हणून भोपाळ-इंदूरची माणसंही इथून गाडी नेतात.

माझं पारडं फिरलं ते ओटीपीमुळे. राज्याबाहेरच्या गाडीला आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याचा फॉर्म 28. अर्ज मूळ मालकाच्या नावाने, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. मालकाने गाडी केव्हाच डीलरला विकलेली, पैसे मिळालेले. त्याला कशाला घाई असेल? साडूंनी फोन केला की तो म्हणे मीटिंगमध्ये आहे, डीलर म्हणे उद्या करून देतो. मग जुनं चलान निघालं, ते कुणी भरायचं यावर घासाघीस. बँकेचं कर्ज फिटलेलं, पण आरसीवरची नोंद उडालेली नव्हती. त्यासाठी फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, म्हणजे पुन्हा त्याच माणसाची मनधरणी. एनओसी आली तेव्हा मध्य प्रदेशचा टॅक्स वेगळा भरावा लागला, आणि फरकातला मोठा भाग तिथेच गेला. "नंबर न बदलता चालवा" असा सल्ला देणारेही भेटतात. पण बारा महिन्यांच्या वर गाडी इथे राहिली की नवा नंबर घ्यावाच लागतो, शिवाय अपघात झाला तर कागदावर मालक दुसराच.

माझ्या गाडीचे मालक इथेच, ग्वाल्हेरातल्या मुरारला राहणारे. मालकी बदलाच्या फॉर्म 29, 30 वर समोर बसून सह्या झाल्या, ओटीपीसाठी संध्याकाळी जाऊन चहा घेतला, काम झालं. विमाही लगोलग नावावर करून घेतला. त्याला चौदाच दिवस असतात.

आता प्रत्येक डीएल गाडीचं असंच होईल असं नाही. मालक थेट ओळखीचा असेल, कर्ज नसेल, तर दिल्लीची गाडी खुशाल घ्या, चांगली मिळते. फक्त एनओसी हातात पडेपर्यंत मोठी रक्कम आपल्याकडेच रोखून ठेवा, आणि एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून चलान व कर्जाची नोंद बघितल्याशिवाय बयाणाही देऊ नका.