एनडीएच्या इंग्रजीसाठी शब्दांची वही की अँकी?

एनडीएचा, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरलेल्यांना पेपरची ओळख करून द्यायला नको. इंग्रजीचे 50 प्रश्न, 200 गुण आणि एक चुकला की 1.33 गेले. त्यामुळे ‘असेल बहुतेक’ म्हणून गोल काळा करणं परवडत नाही. आता शब्द वहीत पाठ करायचे की मोबाइलवर अँकी या कार्डांनी उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये, एवढंच ठरवायचं. मी दोन्ही करून बसलोय, तेव्हा माझं मत अगदीच तटस्थ आहे असं समजू नका.

वहीचं कौतुक आधी. खर्च जवळपास शून्य आणि घरात कुणी ‘बघावं तेव्हा मोबाइल’ म्हणून ओरडत नाही, ही काही लहान गोष्ट नाही. हातानं लिहिल्यावर स्पेलिंग पक्कं होतं हेही खरं. फक्त इथे उत्तरं ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर द्यायची असतात, स्पेलिंग कुणी लिहायला सांगत नाही.

माझं वहीशी बिनसलं ते क्रमावरून. एबीसीडीप्रमाणे शब्द उतरवले, चार-पाचदा वाचले आणि शब्दांऐवजी पानच पाठ झालं. अ‍ॅबहॉर, खाली अबॉलिश, मग अब्रिज. अर्थांसकट एका दमात म्हणून मोकळा. तोच अब्रिज जुन्या पेपरात एखाद्या वाक्याच्या मधोमध अधोरेखित होऊन आला, की पान डोळ्यांपुढे यायचं, डावीकडे, तळाला, निळ्या शाईत. अर्थ मात्र यायचा नाही. सात सक किती हे सांगायला पाढा पहिल्यापासून म्हणावा लागतो, तशी गत. खालून वर वाचलं, अर्थावर पट्टी ठेवली. थोड्या दिवसांत तोही क्रम तोंडपाठ.

अँकीत हे दुखणं नाही. चुकलेला शब्द लगेच परत येतो, आलेला लांबणीवर जातो आणि कशानंतर काय येईल याचा अंदाज लागत नाही. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. रेंज नसली तरी चालतं. कोरेगाव-सातारा एसटीत एका हातानं दांडा धरून उभ्यानं अंगठ्यानं उजळणी होते. वहीला बसायला जागा लागते.

त्रास तिथेही आहेत. तयार मिळणारे कार्डांचे बरेच संच जीआरईचे, म्हणजे परदेशी उच्च शिक्षणासाठीच्या परीक्षेचे असतात, त्यातले कितीतरी शब्द आपल्या पेपरला उपयोगाचे नाहीत असं मला वाटलं. एनडीएची परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या साइटवर जुने पेपर आहेत, त्यातलं अख्खं वाक्य कार्डाच्या पुढे आणि मागे मराठी अर्थ, असं स्वतः करा. शब्द सुटा टाकू नका. रोजचे नवे शब्द आपोआप 20 असतात, ते दहावर आणा. वर्षातली दुसरी परीक्षा बहुधा सप्टेंबरात असते, म्हणजे गणपती आडवे येतात. चार दिवस हात लावला नाही तर साठलेली उजळणी बघूनच ॲप बंद करावंसं वाटतं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर या खटाटोपात पडू नका, वहीच बरी. माझ्या मामेबहिणीनं यंदा फॉर्म भरलाय, तिच्या घरी मोबाइल एकच आणि संध्याकाळी तो मामाकडे. तिला वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या कापून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायला सांगितल्या. डबा हलवला की क्रम गेला. मोबाइल स्वतःचा असेल आणि हाताशी दोन महिने असतील, तर मात्र मी तरी अँकीच घेईन.