बिझी बिट शून्य झाला म्हणजे चिप पुसली गेली असं नाही

ऑनलाइन फ्लॅश मेमरी चिप (वीज गेली तरी माहिती टिकवणारी) मागवणाऱ्यांनी हे नीट वाचा, विशेषतः ज्यांचं काम एका वेळी पन्नास-शंभर सर्किट बोर्डांचं असतं त्यांनी. मोठ्या कंपन्या अधिकृत वितरकाकडून अख्खी रिळं, म्हणजे चिपा बसवलेल्या टेपच्या गुंडाळ्या, उचलतात. आपल्याला तेवढी ऑर्डर झेपत नाही, आणि वापरलेल्या चिपा नव्या म्हणून खपवणारे नेमके तिथेच आपल्याला गाठतात.

आम्ही पुण्यात शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे लॉगर बनवतो. त्यात विनबॉन्डची २५क्यू६४ ही ६४ मेगाबिटची, आठ पायांची चिप लागते. मागे एकदा तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, आमच्या नेहमीच्या दुकानात ती नव्हती, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली. ‘नवीन, ओरिजिनल, रिळातून कापलेली पट्टी’ असं वर्णन, सोबत रिळाच्या लेबलचा फोटो. भाव बाजारापेक्षा जरासाच कमी, संशय यावा इतका नाही. माल टेपमध्ये व्यवस्थित बसवून आला. ९एफ कमांड देऊन ओळख वाचली, तर ईएफ ४० १७, म्हणजे कंपनीही बरोबर आणि क्षमताही बरोबर. कमी क्षमतेच्या चिपेवर मोठा नंबर छापून विकतात, ती फसवणूक या वाचनात पकडली जाते. ही वेगळी होती.

त्या चिपा बसवून बोर्ड गेले, आणि काही आठवड्यांनी नाशिककडच्या एका द्राक्षांच्या शीतगृहातून फोन आला की नोंदीत मध्येच उणे २१.६ अंश दिसतंय. आम्ही तापमानात ४० मिळवून, दहाने गुणून साठवतो. ४ अंशाचे होतात ४४०. चिपेत आकडा बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या खणांत, साठतो; त्यातला २५६ चा बिट शून्य झाला की उरतात १८४, आणि ते परत फिरवले की उणे २१.६. चेकसममुळे (नोंदीसोबत साठवलेला पडताळणीचा आकडा) ती नोंद अमान्य ठरली होती हे खरं, पण निर्यातीच्या मालाला अमान्य नोंद आणि नसलेली नोंद सारखीच. त्या माणसाचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते मला फार लागलं.

आता मूळ गोष्ट. फ्लॅश पुसली की तिचे सगळे बिट १ होतात, प्रत्येक बाइट (आठ बिटांचा गट) एफएफ वाचला जातो. लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा १ करायचा तर अख्खा ४ किलोबाइटचा सेक्टर पुसावा लागतो. पुसणं चालू असेपर्यंत चिप ‘बिझी’ असते. ०५ कमांडने स्टेटस रजिस्टर, म्हणजे चिपेची स्थिती सांगणारा बाइट, वाचायचं, सगळ्यात खालचा बिट १ असला तर थांबायचं, ० झाला की पुढे जायचं. बहुतेक सगळ्यांचे प्रोग्रॅम हेच करतात. पण या बिटाचा अर्थ एवढाच की चिपेने काम थांबवलंय. काम झालं की फसलं, हे तो सांगत नाही. फ्लॅशचे नँड आणि नॉर असे दोन प्रकार; आमची चिप नॉर. नँड फ्लॅशच्या स्टेटसमध्ये ‘फेल’चा वेगळा बिट असतो, काही कंपन्यांच्या नॉर चिपांतही असतो. विनबॉन्डच्या २५क्यू मालिकेत तो नाहीच. शिणलेली चिप आतल्या आत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, शेवटी सोडून देते आणि बिझी बिट शून्य करते. बाहेरून सगळं आलबेल.

बोर्ड टेबलावर घेऊन बिझी बिट किती वेळ १ राहतो ते मोजलं. सेक्टर पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद आणि जास्तीत जास्त ४०० असं कंपनीच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) दिलंय. आमच्या जुन्या, खात्रीच्या चिपा पन्नाशीच्या आसपास संपवत होत्या. या २०० आणि ३०० वर जात होत्या, काही तर ४०० च्याही पुढे. त्यानंतर सेक्टर वाचला, तर एफएफच्या रांगेत मध्येच एफई, म्हणजे एक बिट पुसूनही ० च राहिलेला. तोच अडकलेला बिट. हजारो वेळा पुसून-लिहून चिपेच्या आतल्या ऑक्साइडच्या थरात विद्युतभार अडकत जातो आणि पुसायला लागणारा वेळ वाढतो. कोऱ्या चिपेला असं होण्याचं काही कारण नाही.

पट्टीत उरलेल्या चिपा मग न पुसता वाचल्या. नवी चिप कोरी असते, सगळं एफएफ. इथे कित्येकींमध्ये ‘यू-बूट’चा (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मजकूर आणि लिनक्स सुरू करायच्या ओळी सापडल्या. कुणाच्या तरी राउटरमधून काढलेला माल! असिटोनचा बोळा फिरवला तर कापसावर काळा रंग उतरला आणि खाली जुन्या छपाईच्या खुणा दिसल्या. भिंगाखाली पायांची टोकं बघा: नव्या चिपेच्या कापलेल्या टोकाला उघडा तांब्याचा रंग दिसतो, इथे सगळी टोकं सोल्डरने मढवलेली.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला. प्रोग्रॅमरच्या (चिप वाचायच्या-लिहायच्या उपकरणाच्या) सॉफ्टवेअरच्या खिडकीत ‘इरेज’ दाबलं, हिरव्या अक्षरात ‘यशस्वी’. पडताळणीच्या चौकोनात खूण नव्हती. म्हणजे सॉफ्टवेअरने बिझी बिट शून्य झालेला पाहिला आणि हिरवं दाखवलं. मी म्हटलं, ‘साहेब, याच चिपेवर आता ब्लँक चेक, म्हणजे चिप खरंच कोरी आहे का ते तपासणारं बटण, दाबून दाखवा.’ त्यावर उत्तर आलं नाही. अशा माणसाला आपण काय विकतोय हे माहीत नसेल, असं मी मानत नाही.

परत करायची मुदत संपली म्हणून प्लॅटफॉर्मने हात वर केले. तिथे थांबू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा. बिल फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यापारी हेतूची खरेदी’ म्हणून टाळायला बघतील. स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी केलेली खरेदी २०१९ च्या कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते, हे त्यांना लेखी कळवा. आम्हाला न वापरलेल्या पट्टीचे पैसे मिळाले. बदललेल्या बोर्डांचा खर्च आमच्याच माथी.

आता नव्या पट्टीतल्या काही चिपा आधी न पुसता वाचतो, मग पुसायचा वेळ मोजतो, मग प्रत्येक बाइट एफएफ आहे का ते बघतो. हे वाचन ३.३ व्होल्टवर झालं की २.७ वर पुन्हा करतो, कारण अर्धवट पुसलेला बिट एका व्होल्टेजवर १ तर दुसऱ्यावर ० वाचला जाऊ शकतो. विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला तर पुसण्याआधीचं वाचन, पुसणं आणि ब्लँक चेक हे तिन्ही न कापता एकाच व्हिडिओत मागा. आणि माल आल्यावर हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत उरका.