डॉक्समधला कोड: हाताने लिहिलेला तुकडा की चालत्या फाइलमधून उचललेला?

आमच्या छोट्याशा पायथन लायब्ररीच्या डॉक्ससाठी, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांसाठी, दोन्ही करून पाहिलं, म्हणून सांगतो. एक तर पानातच चार ओळी हाताने टाकायच्या. नाहीतर पूर्ण चालणारी फाइल रेपोत (प्रोजेक्टचा सगळा कोड असतो तिथे) ठेवायची, सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत) रन करायची आणि स्फिंक्स या डॉक्स बनवणाऱ्या टूलच्या लिटरलइन्क्लूड सोयीने हव्या तेवढ्याच ओळी पानात ओढायच्या.

हाताने लिहायचं सुख वेगळंच, खोटं कशाला बोलू. लिहिलं, पुश केलं, तर्री पोहे खायला मोकळे. वाचणाऱ्यालाही पसारा दिसत नाही, ज्याला नुसतं फंक्शनचं नाव आठवायचंय त्याला हेच बरं.

माझं डोकं सरकलं ते इम्पोर्टच्या ओळीवरून, म्हणजे बाहेरचं मॉड्यूल कोडमध्ये आणायच्या ओळीवरून. उदाहरणात मी नुसतं 'डेटटाइम डॉट नाऊ' लिहिलं होतं, वर काहीच नाही, म्हटलं एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं. गोंदियाहून नवीन आलेला पोरगा तासभर झटला, मग माझ्याकडे आला, "दादा, एरर काऊन येऊन राहिला?" पाहतो तर त्याने वर 'इम्पोर्ट डेटटाइम' टाकलेलं, आणि माझ्याकडे होतं 'फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम'. मॉड्यूलचं अन् आतल्या क्लासचं नाव एकच, म्हणून पायथन म्हणे मॉड्यूलमध्ये नाऊ नावाचं काही नाहीच. आता यात त्याची काय चूक?

फाइलवाल्या पद्धतीत हे आपोआप सुटतं असं नाही हं, ओळी कापताना इम्पोर्ट गाळला की पुन्हा तोच घोळ. आम्ही तो कापतच नाही, पान दोन ओळींनी लांबतं, लांबू द्या. रस्ट भाषावाल्यांची मजा आहे, डॉक्समधल्या उदाहरणात ओळीपुढे हॅश टाकला की ती पानावर दिसत नाही पण टेस्टमध्ये कंपाइल होते.

डेटा हाताळायच्या पांडाज लायब्ररीच्या २.० व्हर्जनने २०२३ मध्ये डेटाफ्रेमचं (तिथल्या तक्त्याचं) अपेंड, म्हणजे ओळी जोडायचं फंक्शन, काढून टाकलं. आम्ही व्हर्जन वाढवल्याबरोबर फाइलवाली उदाहरणं सीआयमध्ये लाल झाली, म्हणजे नापास झाली, हाताने लिहिलेली मात्र पानावर निवांत बसून होती, कोणाला पत्ता नाही.

सुरुवातीला सेटअपमध्ये दोन दिवस जातात हे खरं, आणि चार-पाच उदाहरणंच असतील तर मीही कदाचित हातानेच लिहीन. पण तेव्हाही नव्या फोल्डरमध्ये पेस्ट करून एकदा चालवून पाहीन. आमचा गोंदियावाला आता रिव्ह्यूत सगळ्यात आधी इम्पोर्टच पाहतो, माझेही दोनदा परत पाठवलेत त्याने.