आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा: सन कोरलला किती पुरतो?

सन कोरल, म्हणजे अनेक तोंडांचं एक समुद्री प्रवाळ, असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आर्टेमियाच्या, म्हणजे ब्राइन श्रिंपच्या अंड्यांचा डबा घरात असावाच. मात्र 'एवढ्यावरच कोरल पोसलं जातं' असं दुकानात कोणी सांगितलं, तर ते खरं मानू नये.

भित्ती बांधणाऱ्या बहुतेक कोरलांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून कोरलला पोसतं. सन कोरलमध्ये, म्हणजे ट्युबास्ट्रियामध्ये, हे शैवाल नसतंच. समुद्रात हे कोरल कपारीत, खडकाच्या पोटाखाली अंधारात वाढतं आणि रात्री हात पसरून वाहत आलेले बारीक जीव पकडतं. टाकीत असं काही वाहत येत नाही, म्हणून एकेका तोंडाला भरवावं लागतं, आठवड्यातून किमान दोन-तीनदा. उपास घडले की तोंडं उघडेनाशी होतात, आणि उघडत नाहीत म्हणून खाणंही जात नाही. मग दोन तोंडांमधलं मांस विरत जातं, पांढरा सांगाडा उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ बसतं. ब्राझीलच्या किनाऱ्यावर हेच कोरल बाहेरून येऊन इतकं माजलंय की ते उपटून काढावं लागतं. टाकीत मात्र ते उपासमारीनं मरतं.

डब्यात कोरडी तपकिरी पूड दिसते, तीच अंडी. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालावा. त्यात एक ग्रॅम अंडी टाकावीत, म्हणजे चहाचा सपाट पाव चमचा किंवा किंचित जास्त. कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगली की झालं भांडं. हवेची नळी थेट खालच्या तोंडापर्यंत सोडावी, टोकाला बारीक बुडबुड्यांचा दगड (एअरस्टोन) लावू नये. मोठे बुडबुडे अंडी फिरती ठेवतात, बारीक फेस मात्र त्यांना काठावर नेऊन चिकटवतो. वर उजेड हवा. पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर २४ तासांत नारिंगी पिल्लं निघतात.

दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात हमखास डोक्यात येतं की बोअरचं पाणी खारटच आहे, मग मीठ कशाला? त्या पाण्यातले क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात. अंडी उबवायलाही त्याचा भरवसा नाही, आणि कोरलच्या टाकीत ते थेट घालणं म्हणजे नुकसानच. टाकीसाठी आरओचं पाणी आणि मत्स्यालयाचं सागरी मीठच वापरावं, घनता १.०२५ आणि तापमान २४ ते २६ अंश.

पिल्लं काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबावं. रिकामी टरफलं वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात आणि पिल्लं खालच्या बाजूला गोळा होतात. बाटलीला काळा कागद गुंडाळून खालून टॉर्च लावला तर ती आणखी लवकर जमतात. सलाईनची नळी इथं फार कामाची, तिच्या चाकानं धार हवी तेवढी बारीक करता येते. तळाची पहिली धार फेकून द्यावी. पुढची पिल्लं दुहेरी सुती कापडातून गाळून टाकीच्या पाण्यानं धुवावीत. टरफलं पचत नाहीत, ती टाकीत जाऊ देऊ नयेत. पिल्लांच्या पोटातला बलक लवकर संपतो, म्हणून निघाल्यावर काही तासांतच वापरावीत. दुसऱ्या दिवशी ती जिवंत दिसली तरी त्यांत पोषण फारसं उरलेलं नसतं.

आता डब्याची मर्यादा. पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि सन कोरलचं तोंड सेंटिमीटरभर. टाकीत नव्यानं रुजलेल्या बारीक कोरलांना हे खाणं अगदी जुळतं आणि रुसलेली तोंडं उघडायला वास पुरतो, पण मोठ्या तोंडाचं पोट त्यावर भरत नाही. तिथं मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, हवेत, नाहीतर समुद्री कोळंबीचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे. आठवडी बाजारातली सुकट वापरू नये, मीठ आणि रेती दोन्ही असतात. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले ताजे झिंगे कधीमधी चालतील, रोजचे नकोत. गोड्या पाण्यातल्या खाण्यात समुद्री जिवांना लागणारी स्निग्धाम्लं कमी पडतात.

तरीही डबा का घ्यावा, तर उन्हाळ्यामुळे. पारा ४५ वर असताना शहरातून बसनं येणारं गोठवलेलं मायसिस गावात पोचेपर्यंत वितळलेलं असतं. ते पुन्हा गोठवलं की नासतं आणि टाकीत नायट्रेट वाढवतं. वीज गेली की घरच्या बर्फाच्या खणातही तेच होतं. कोरडी अंडी हा प्रवास सोसतात. शिवाय पिल्लं वाढवता येतात: २० लिटरच्या बादलीत लिटरला ३० ग्रॅम मीठ, मंद हवा आणि चिमटीनं स्पिरुलिना, म्हणजे हिरव्या शेवाळाची पूड. एका दिवसात पाणी नितळ झालं नाही तर पूड जास्त पडली असं समजावं. साधारण तीन आठवड्यांत आठ ते दहा मिलिमीटरचे झिंगे तयार होतात, आणि ते एकेका तोंडाला देता येतात. देण्याआधी तास-दोन तास त्यांना स्पिरुलिना चारावी, नाहीतर त्यांत पाणीच फार. मे महिन्यात बादली आणि उबवणीची बाटली माठाशेजारी गार कोपऱ्यात ठेवावी. ३२ अंशांच्या वर अंडी नीट उबत नाहीत. डिसेंबरच्या थंड रात्री उलट अडचण, तेव्हा बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करावी. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा घ्यावा. रात्रभर वीज गेली आणि हवा थांबली तर सगळी बाटली वाया जाते.

भरवायच्या वेळी दिवे मंद करून पंप बंद करावा आणि पिल्लांचं थोडं पाणी पिचकारीनं कोरलवर सोडावं. १५ ते ३० मिनिटांत तोंडं फुलतात. मग प्रत्येकाला एक-दोन तुकडे हळूच ठेवावेत आणि २० मिनिटं पंप लावू नये. टाकीतले झिंगे नि मासे तोंडातला घास ओढून नेतात, म्हणून कोरलवर कापलेली बाटली उपडी झाकणं हा सोपा उपाय. नेमानं ठरलेल्या वेळीच दिलं तर कोरल दिवसाही उघडायला शिकतं. एवढं मांस टाकीत जातं म्हणून स्किमर, म्हणजे फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र, सशक्त हवा आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावं. हे जमणार नसेल तर सन कोरल घेऊच नये.

कोरलच्या खरेदीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळी दगडी कोरलं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि सन कोरल त्यातच मोडतं. आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा विकणं-घेणं गुन्हा आहे. परदेशी कोरलच्या व्यापारालाही साइट्सची, म्हणजे दुर्मिळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं लागतात. विक्रेता कागद दाखवत नसेल तर व्यवहार तिथंच थांबवावा.

डबा घेताना कारखान्याचं सील आणि मुदत पाहावी. दुकानात सुटी भरलेली प्लॅस्टिकची पुडी स्वस्त पडते, पण पावसाळ्यात ती दमट झालेली असते आणि उबणं निम्म्यावर येतं. मोठा डबा फोडल्यावर लगेच छोट्या कोरड्या बाटल्यांत वाटून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावा आणि एका वेळी एकच बाटली बाहेर काढावी. एकच सन कोरल असेल तर ५० ग्रॅमची सीलबंद पुडी बरेच दिवस पुरते, मोठ्या डब्याची गरज नाही.