नाव कुठे घालायचं: खासगी दवाखान्यात की आरोग्य केंद्रात?

दिवस राहिले की घरात पहिला प्रश्न हाच. फॅमिली डॉक्टर सर्दी-तापाला उत्तम, पण गरोदरपणात तेही चिठ्ठी देऊन पुढेच पाठवतात. म्हणजे नाशिकमध्ये खरी निवड दोनच: गंगापूर रोड-कॉलेज रोडकडच्या खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ, नाहीतर महापालिकेचं आरोग्य केंद्र.

खासगीत एकच डॉक्टर शेवटपर्यंत बघतात आणि रात्री कळा आल्या तर कुठे धावायचं ते ठरलेलं असतं. खर्च मात्र आधीच विचारा. पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर धरलेत का, सिझर झालं तर किती, हेही विचारायला लाजू नका.

केंद्रात तपासणी बहुतेक सिस्टरच करतात, आणि मला यात काही कमीपणा वाटत नाही. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, सगळं फुकट. हिमोग्लोबिन 11 च्या खाली दिसलं की सिस्टर आधी विचारणार, "गोळी चहाबरोबर घेतेस का गं?" चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत, सिझरसुद्धा. गर्दी आणि ताटकळणं मात्र गृहीत धरा.

बीपी, साखर, जुळं किंवा आधीचं सिझर असेल तर पहिल्यापासून तज्ज्ञच हवेत, मग ते सिव्हिलमधले असोत की खासगी. बाकी सगळं सुरळीत असेल तर मी केंद्रातच नाव घालीन. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी मात्र दोन्हीकडे चुकवायची नाही.