‘वॉचमेन’मधले मुखवटे: कॉमिक न वाचलेल्यांनी कोणाला कसं ओळखावं?

झॅक स्नायडरचा, त्याच नावाच्या कॉमिकवरून केलेला ‘वॉचमेन’ हा चित्रपट (२००९) पहिल्यांदा बघणारे हमखास एका जागी अडकतात: नाईट आउल एक की दोन? दोन. सिल्क स्पेक्टरही दोन. मुखवटे घालून गुंडांशी लढणाऱ्यांची पहिली फळी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची, नाव ‘मिनिटमेन’. दुसऱ्या फळीत काही नावं तीच राहिली, माणसं बदलली. होलिस मेसन हा पहिला नाईट आउल, आणि त्याची गादी चालवणारा डॅन ड्रायबर्ग दुसरा. सिल्क स्पेक्टर आधी सॅली ज्युपिटर, मग तिची मुलगी लॉरी. दोन्ही फळ्यांत वावरलेला एडी ब्लेक, म्हणजेच कॉमेडियन, पहिल्याच प्रसंगात मारला जातो.

त्यानंतरची श्रेयनामावली अजिबात चुकवू नका. जवळजवळ थिजलेल्या दृश्यांतून पहिल्या फळीचा सगळा उतार त्यात दिसतो. डॉलर बिल गोळी लागून बँकेच्या फिरत्या दारात पडलेला, कारण त्याची केप तिथे अडकली. मॉथमॅनला वेड्यांच्या इस्पितळात नेतायत. निक्सन तिसऱ्यांदा निवडून येतोय. पुढे १९८५ सालीही निक्सनच राष्ट्राध्यक्ष का, हे कोणी समजावून सांगत नाही. ही नामावली पुढे ढकलली, की पहिला अर्धा तास चाचपडण्यातच जातो.

मग कथेतला १९७७चा कीन कायदा लक्षात ठेवा. मुखवटा घालून गुंडांना बडवण्यावर त्याने बंदी आली, आणि आज कोण कुठे आहे ते त्यावरून ठरलं. डॅन घरी बसला. कॉमेडियन आणि डॉक्टर मॅनहॅटन सरकारी पदरी राहिले. एड्रियन व्हाइट, म्हणजे ओझिमँडियस, कायद्याआधीच मुखवटा उतरवून धंद्यात शिरला होता. रोरशाकने कायदा धुडकावला. त्याच्या मुखवट्यावरचे डाग सतत हलतात आणि त्याचं नाव शाईच्या डागांच्या मानसशास्त्रीय चाचणीवरून आलंय. तुरुंगात त्याला तीच चाचणी देतात, तो प्रसंग म्हणूनच बोचतो. जॅकी अर्ल हेलीचा रोरशाक ही या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई.

चित्रपटाची घोडचूक हाणामारीत आहे. खरी अचाट शक्ती एकट्या डॉक्टर मॅनहॅटनकडे, म्हणजे जॉन ऑस्टरमनकडे. बाकीची हाडामांसाची माणसं. पण पडद्यावर हीच माणसं भिंती-फरश्या फोडतात, हाडं काटक्यांसारखी मोडतात. मग नवख्याला वाटतं, सगळेच महामानव! आणि जॉनसमोर बाकीचे किती दुबळे, ही कथेची मुख्य धार बोथट होते. कॉमिकमधला डॅन पोट सुटलेला, चाळिशीचा, संकोची गृहस्थ आहे. डॅन साकारणारा पॅट्रिक विल्सन तो संकोच छान पकडतो. मारामारी सुरू झाली की मात्र दिग्दर्शकालाच त्याचा विसर पडतो.

कॉमेडियनच्या अंत्यविधीचा भाग मात्र नमुनेदार. पावसात उभा असलेला प्रत्येक जण त्याची एकेक आठवण काढतो. मेलेल्याची ओळख होता होता आठवणाऱ्यांचीही होते. त्यानंतर मंगळावरचं जॉनचं स्वगत येतं, तिथे पुष्कळांची गाडी रुळावरून घसरते. १९५९चा अपघात, प्रेयसीचं घड्याळ, आजचा दिवस, सगळं उलटसुलट येतं. जॉनला भूत-भविष्य एकाच वेळी दिसतं, एवढं धरून ठेवलं तर हा चित्रपटाचा सर्वोत्तम भाग ठरतो.

आता आवृत्ती. चित्रपटगृहात आलेली १६२ मिनिटांची, दिग्दर्शकाची १८६ मिनिटांची आणि ‘अल्टिमेट कट’ २१५ मिनिटांचा. नवख्यांनी मधली घ्यावी. होलिस मेसनची गोष्ट तिच्यात पूर्ण होते. छोट्या आवृत्तीत तो थोडा वेळ दिसतो आणि मग त्याचं काय झालं ते कळतच नाही. सर्वांत लांब आवृत्तीत चाच्यांच्या जहाजाची अ‍ॅनिमेशन कथा मध्येमध्ये घुसवली आहे. कॉमिकमध्ये ती मुख्य कथेशी सुरेख गुंफलेली आहे, पडद्यावर ती लय तोडते. हिंसा आणि नग्नता तिन्हींत भरपूर, मुलांना दूर ठेवा.

पूर्वतयारी म्हणून दुसरं कोणतंही कॉमिक वाचावं लागत नाही. कॉमिकचा लेखक अ‍ॅलन मूर याच्या मूळ योजनेत चार्ल्टन कंपनीची जुनी पात्रं होती. पण प्रकाशक डीसीने ती वापरू दिली नाहीत, म्हणून ही नवी घडवावी लागली. त्यामुळे मागचं सगळं याच १२ अंकांत आहे. ते अंक चित्रपटानंतर वाचलेत तरी शेवटाचं रहस्य पुरतं फुटत नाही. कट रचणारा तोच असला, तरी त्याचं हत्यार पार वेगळं आहे.